सिद्ध कोणी करायचं?

सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९५४ मध्ये मुंबई राज्याविरुद्धच्या एका प्रकरणात दिलेला निकाल आज वकिलांच्याही वाचनात फारसा येत नाही. मुंबईच्या उपनगरातल्या एका फौजदारी न्यायालयात मी वकिली करते, आणि मला मात्र तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. फाळणीनंतर, जुलै १९४८ पासून, पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवान्याची पद्धत सुरू झाली होती. पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. त्याच्या सातव्या कलमानं केंद्र सरकारला एक मोठा अधिकार दिला: परवान्याच्या नियमाचा भंग केलेल्या माणसाला देशाबाहेर काढायचं. भंग शाबीत झालाच पाहिजे अशी अटही नव्हती, तसा वाजवी संशय असला तरी पुरे. तो माणूस भारताचा नागरिक आहे की नाही, हे पाहण्याची तरतूद त्या कलमात नव्हती.

न्या. गुलाम हसन यांनी बहुमताचा निकाल लिहिला. न्या. सुधिरंजन दास यांचं मत वेगळं पडलं. बहुमताचं म्हणणं सरळ होतं. परवाना नसेल तर खटला भरा, शिक्षा करा, दंड करा. पण नागरिकालाच त्याच्या देशातून उचलून बाहेर टाकणं म्हणजे त्याचं नागरिकत्व मोडून टाकणं, आणि तेही त्याला बाजू मांडायची संधी न देता, निव्वळ संशयावर. नागरिकांपुरतं ते कलम घटनाबाह्य ठरलं.

हा निकाल मला मोठा वाटतो तो त्याच्या काळामुळे. फाळणीला जेमतेम साडेसहा वर्षं झाली होती. निर्वासितांच्या छावण्या अजून भरलेल्या होत्या, पाकिस्तान या शब्दाला धार होती. तशा हवेत न्यायालयानं सांगितलं की संशय हा पुरावा नव्हे. आज दोन्ही देशांत पासपोर्ट आहेत, व्हिसा आहे, सीमेवर कुंपण आहे, आणि तरीही तेच वाक्य मला न्यायालयात नव्यानं सांगावं लागतं.

असं का होतं, हे शोधत मागे गेलं की आपण १८६४ सालापाशी पोचतो. त्या वर्षीच्या तिसऱ्या कायद्यानं ब्रिटिश हिंदुस्थानात परकीय कोण, याची व्याख्या केली: जो ब्रिटिश प्रजाजन नाही, तो. व्याख्येचा शब्दशः अर्थ घेतला तर कोल्हापूर, बडोदा किंवा सांगलीच्या संस्थानी प्रजेतला माणूससुद्धा मुंबईत परकीयच होता. गव्हर्नर जनरलनं हुकूम काढला की अशानं चालू पडायचं. आणि दुसऱ्या कलमात ती तरतूद आली जी आजतागायत आपल्या मानगुटीवर बसलेली आहे: एखादा माणूस परकीय आहे की नाही असा प्रश्न उपस्थित झाला, तर आपण परकीय नाही हे त्यानंच सिद्ध करायचं.

फौजदारी कायद्याची सगळी इमारत याच्या उलट्या पायावर उभी आहे. चोरीचा आरोप असेल तर चोरी सरकारनं सिद्ध करायची. खुनाचा असेल तरी तेच. इथे मात्र नुसता आरोप झाला की बाकीचं ओझं आरोपीच्या डोक्यावर. परक्या राज्यकर्त्याला आपल्या ताब्यातल्या मुलखात कोण राहील हे स्वतःच्या मर्जीनं ठरवायचं होतं, त्याला ते सोयीचंच होतं. पहिलं महायुद्ध झाल्यावर १९२० मध्ये पारपत्राचा कायदा आला, दुसऱ्याच्या तोंडावर १९३९ मध्ये परकीयांच्या नोंदणीचा, १९४० मध्ये युद्धकाळापुरता परकीय नागरिक कायदा, आणि १९४६ मध्ये त्याची जागा घेणारा कायमचा. १९४६ च्या कायद्याच्या नवव्या कलमात १८६४ ची तीच अट बसवली होती. पुरावा कायद्यात काहीही असो, असं त्यात आवर्जून लिहिलेलं होतं.

या कायद्याची एक गोष्ट ऐकून माझे ज्युनिअर नेहमी चकित होतात. १९४६ च्या व्याख्येतही मोजमाप ब्रिटिश प्रजाजनाचंच होतं. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर जवळजवळ दहा वर्षं पाकिस्तानचा नागरिक या कायद्याखाली परकीय ठरतच नव्हता. म्हणून तर परवान्याचा वेगळा कायदा करावा लागला होता. ही व्याख्या बदलली ती १९ जानेवारी १९५७ पासून. त्या दिवसापासून जो भारताचा नागरिक नाही तो परकीय. व्याख्या भारतीय झाली. सिद्ध करण्याचं ओझं मात्र राणीच्या काळात ज्याच्या डोक्यावर होतं त्याच्याच डोक्यावर राहिलं.

परकीयाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार मी नाकारत नाही. १९५५ मध्ये एका जर्मन नागरिकाच्या प्रकरणात न्या. व्हिव्हियन बोस यांनी तो अधिकार निर्बंध नसलेला, पूर्ण अधिकार आहे असं सांगितलं. बोस म्हणजे नागपूरचे, तिथल्याच उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होऊन मग दिल्लीला गेलेले, व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूनं कणखरपणे लिहिणारे न्यायाधीश. त्यांचा तो निकाल आजही सरकारी वकील वाचून दाखवतात आणि तो बरोबरच आहे. पण त्या खटल्यातला माणूस जर्मन आहे याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. आमच्या न्यायालयात येणाऱ्या माणसाबद्दल नेमका तोच प्रश्न उघडा असतो.

तो कसा येतो, ते सांगते. आरोपपत्राची भाषा ठरलेली असते. बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाली, दोन पंचांना बोलावलं, अमुक झोपडपट्टीत किंवा बांधकामावर संशयित मिळून आले, त्यांच्याकडे भारतीय असल्याबाबत पुरावा मागता ते देऊ शकले नाहीत, अधिक विचारपूस करता त्यांनी बांगलादेशी असल्याचं सांगितलं. मग कलमं, ऑगस्ट २०२५ पर्यंतच्या प्रकरणांत: पारपत्र नियम १९५० चे नियम ३ व ६, परकीय नागरिक कायद्याचं कलम १४. पुष्कळदा खरोखर बांगलादेशातून आलेली माणसं असतात, ती पहिल्या दुसऱ्या तारखेलाच गुन्हा कबूल करतात, शिक्षा भोगतात आणि परत पाठवली जातात. पण कबूल करणाऱ्यांत असेही असतात की ज्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं, कबूल कर, लवकर सुटशील.

माझ्याकडे आलेली एक बाई नदिया जिल्ह्यातली होती. नवरा सेंट्रिंगच्या कामावर, ती त्याच साइटवर विटा वाहायची. तिचा भाऊ जनरलच्या डब्यातून कागद घेऊन आला, प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घालून. त्यात आजोबांच्या नावावरच्या जमिनीचं १९५८ सालचं खरेदीखत होतं, स्टॅम्पपेपरच्या घड्या फाटलेल्या, मागून सेलोटेप लावलेली आणि तीही पिवळी पडलेली. बाईचा शाळेचा दाखला होता, पंचायतीचा जन्मदाखला होता. खरेदीखतावर आजोबा मंडल, दाखल्यावर वडील मोंडल. शाळेत ती खातून होती, लग्नानंतरच्या कार्डावर बिबी. बंगालमधल्या मुसलमान बायकांचं नाव लग्नानंतर असंच बदलतं, हे तिथल्या कोणत्याही तलाठ्याला सांगावं लागत नाही. आमच्याकडे मात्र एकाच बाईच्या दोन बायका झाल्या.

बंगाली कागद न्यायालयात तसेच चालत नाहीत. भाषांतर हवं, भाषांतर करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र हवं, आणि विटा वाहणाऱ्या बाईकडे त्याचे पैसे नसतात. जामिनाला काही महिने गेले. अखेर नदियातल्या महसूल कार्यालयाकडून उतारा जुळल्याचं पत्र आलं आणि ती निर्दोष सुटली. तोवर तिच्या धाकट्या मुलाला तिच्या सासूनं गावी नेलेलं होतं, आणि नवऱ्याचं काम गेलेलं होतं.

हे ओझं उलटं करून पाहण्याचा प्रयत्न आपल्याकडे झाला, तो फक्त आसामसाठी. बेकायदा स्थलांतरितांबाबतच्या १९८३ च्या आयएमडीटी कायद्यानं तक्रार करणाऱ्यानं आणि सरकारनं सिद्ध करायचं असं ठरवलं. आसामातले नेते सर्बानंद सोनोवाल यांनी त्याला आव्हान दिलं आणि १२ जुलै २००५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो रद्द केला. निकालात आकडे आहेत. आसामात एप्रिल २००० पर्यंत ३,१०,७५९ चौकशा सुरू झाल्या, १०,०१५ जण बेकायदा ठरले आणि प्रत्यक्ष बाहेर काढले गेले १,४८१. पश्चिम बंगालमध्ये जुनाच परकीय नागरिक कायदा लागू होता, तिथून १९८३ ते नोव्हेंबर १९९८ या काळात ४,८९,०४६ जण परत पाठवले गेले. आसामचा कायदा कुचकामी आहे हे या तुलनेवरून दिसतं, असं न्यायालयाचं मत पडलं. आसामात चौकशा रखडत होत्या, हे खरंच आहे. पण पश्चिम बंगालच्या त्या पावणेपाच लाखांवर माणसांपैकी किती जणांना कोणी काही विचारलं, किती जणांचं ऐकून घेतलं, हे तो आकडा सांगत नाही. काम झपाट्यानं होणं आणि बरोबर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुंबईला याचा अनुभव १९९८ मध्येच आला होता. शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं. जरीच्या कारखान्यांत लाकडी अड्ड्यावर कापड ताणून आरीनं काम करणारे बंगाली कारागीर पकडून, बांगलादेशी म्हणून रेल्वेनं रवाना केले जात होते. त्या वर्षी जुलैत कुर्ल्याहून निघालेली अशी एक गाडी हावड्याच्या अलीकडे उलुबेरियाला लोकांनी अडवली आणि पोलिसांच्या ताब्यातली माणसं सोडवली. यातले अनेक जण आपल्या हावडा जिल्ह्यातले आहेत, असं तिथल्या लोकांचं आणि बंगालच्या राज्यकर्त्यांचं म्हणणं होतं. गर्दीनं गाडी अडवणं हे कायद्याचं राज्य नव्हे. पण तो प्रश्न मुंबईतल्या एखाद्या न्यायाधीशापुढे आधीच गेला असता तर लोकांना रुळांवर यावं लागलं नसतं.

सत्तावीस वर्षांनी, जून २०२५ मध्ये, मुंबईच्या परिसरात पकडलेले मुर्शिदाबादचे मजूर थेट सीमेपलीकडे ढकलले गेले. पश्चिम बंगालच्या पोलिसांनी त्यांचे कागद पुढे केल्यावर त्यांना परत आणावं लागलं. त्याच महिन्यात दिल्लीत पकडलेली, बीरभूम जिल्ह्यातली एक गरोदर बाई आणि तिचं कुटुंब काही दिवसांतच सीमेपार गेलं. केंद्राच्याच २ मे २०२५ च्या पत्रकात मूळ राज्याकडून ३० दिवसांत पडताळणी करून घ्या असं म्हटलेलं होतं. कलकत्ता उच्च न्यायालयानं सप्टेंबरमध्ये ती हकालपट्टी रद्द केली. केंद्र अपिलात गेलं, आणि डिसेंबरमध्ये त्यानं सर्वोच्च न्यायालयात माणुसकीच्या भूमिकेतून तयारी दाखवल्यावर ती बाई आणि तिचा आठ वर्षांचा मुलगा परत आले. अशा वेळी तीस दिवस हा काही फार मोठा अवधी नाही. नदियाच्या त्या एका पत्रासाठी आम्हाला त्याहून कितीतरी जास्त वाट पाहावी लागली होती.

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा आप्रवास व परकीय नागरिक कायदा लागू झाला. १९२०, १९३९ आणि १९४६ चे कायदे, शिवाय विमान आणि जहाज कंपन्यांच्या जबाबदारीचा २००० सालचा, असे चार कायदे त्यानं रद्द केले. वैध पारपत्राशिवाय प्रवेश केल्यास आता पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वसाहतकाळातले कायदे मोडीत काढत आहोत, असं सांगून हा कायदा आणला गेला. मी तो हाती येताच सिद्ध करण्याच्या जबाबदारीचं कलम शोधलं. १८६४ ची तरतूद त्यात जशीच्या तशी आहे. ती काढायची हीच वेळ होती, आणि ती दवडली याचं मला मनापासून दुःख आहे.

त्याच्या थोडं आधी, ऑगस्ट २०२५ मध्ये, ठाण्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. अमित बोरकर यांनी जामीन नाकारताना म्हटलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र एवढ्यानं कोणी नागरिक ठरत नाही, त्यासाठी १९५५ च्या नागरिकत्व कायद्याकडेच जावं लागेल. कायद्याच्या दृष्टीनं ते चूक म्हणता येणार नाही. पण हे तीन कागद बाजूला ठेवले, तर नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराकडे दुसरं उरतं काय? नागरिक असल्याचा पुरावा म्हणून सर्वांना मिळणारं एकच कार्ड या देशात सरकारनं आजवर दिलेलंच नाही. जे दिलेलं नाही ते दाखव, असं आपण म्हणतो आहोत.

म्हणून सध्या माझ्या प्रत्येक जामीनअर्जात १९५४ च्या निकालाशेजारी जुलै २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जोडलेला असतो. आसामातल्या नलबाडीच्या एका माणसाला २०१२ मध्ये न्यायाधिकरणानं त्याच्या गैरहजेरीत परकीय ठरवलं होतं. न्या. विक्रम नाथ आणि न्या. अहसानुद्दीन अमानुल्ला यांनी तो निर्णय फिरवला, तेव्हा तो माणूस हयात नव्हता. पण निकालात जे म्हटलं आहे ते जिवंत माणसांसाठी आहे. सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असली तरी वाटेल त्याचं दार ठोठावून तू नागरिक आहेस हे दाखव, असं सरकारला म्हणता येणार नाही. संशयाला आधी काहीतरी ठोस आधार हवा, तो त्या माणसाला दाखवायला हवा, आणि नावाच्या स्पेलिंगमधल्या किंवा तारखेतल्या किरकोळ फरकावरून कोणाला परका ठरवू नये.

पुढच्या तारखेला मी तपास अधिकाऱ्याला उलटतपासात हेच विचारणार आहे. बातमीदारानं नेमकं काय सांगितलं, ते कुठे नोंदवलं, आरोपीला ते कधी दाखवलं, आणि त्यानं सांगितलेल्या गावातल्या पोलीस ठाण्याला पत्र कोणत्या तारखेला गेलं.