सहा सेकंदांची मजुरी

आजचा विषय नाचाच्या संगीताचा आहे. पण या संगीताचा इतिहास पाहू लागलो, की मजुरीचा प्रश्न आपोआप पुढे येतो. कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या आम्हांला तो टाळून पुढे जाता येत नाही.

फ्रान्समध्ये २००० नंतर नाचाच्या संगीताचा एक नवा प्रवाह जोमाने वाहू लागला. त्याला कोणी 'नवा फंक' म्हणतात, कोणी 'ब्रेकबीट'. एक्स-आँ-प्रोव्हान्स येथे २००४ साली एकत्र आलेली 'चायनीज मॅन' ही मंडळी या प्रवाहातली. नाँत शहरातील 'सी टू सी' या चौघांनी तर २००३ ते २००६ अशी सलग चार वर्षे तबकडी फिरवण्याच्या जागतिक स्पर्धेत सांघिक विजेतेपद राखले. त्यांचा 'टेट्रा' हा संग्रह २०१२ साली निघाला, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या राष्ट्रीय संगीत पुरस्कारांपैकी चार त्यांना मिळाले. या सर्वांची कारागिरी एकाच जातीची आहे. जुन्या तबकडीवरचा एखादा तुकडा कापायचा, तो फिरवायचा, दुसऱ्याला जोडायचा आणि त्यातून नवी चीज उभी करायची. हे काम सोपे नाही. त्याला कान लागतो, हात लागतो, वर्षानुवर्षांची मेहनत लागते.

परंतु ज्या तुकड्यांवर हा सारा प्रवाह उभा राहिला, ते पहिल्याने वाजवले कोणी?

'ब्रेक' म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. गाणे ऐन रंगात येते, गायक थांबतो, बाकीची वाद्ये गप्प होतात आणि एकटा ड्रमवादक वाजवत राहतो. तमाशाच्या फडात ढोलकीवाल्याला मोकळे सोडतात, तसाच हा प्रकार. हे दोन-चार आवर्तनांचे वाजवणे म्हणजे ब्रेक.

अशा वादकांपैकी एक क्लाइड स्टबलफील्ड. १९४३ साली टेनेसी राज्यातील चॅटानूगा या गावी त्याचा जन्म झाला. कारखान्यांची यंत्रे आणि आगगाड्यांची चाके यांच्या ठेक्यावरच त्याचा कान तयार झाला. १९६५ साली तो जेम्स ब्राउन यांच्या ताफ्यात आला. २० नोव्हेंबर १९६९ रोजी सिन्सिनाटी येथे 'फंकी ड्रमर' ही चीज ध्वनिमुद्रित झाली. तिच्या मध्यावर स्टबलफील्ड एकटा वाजवतो. तेवढाच तुकडा पुढे शेकडो नव्या गाण्यांचा पाया झाला. रचनाकार म्हणून तबकडीवर नाव मात्र जेम्स ब्राउन यांचे होते. २०१७ साली स्टबलफील्ड वारला, तोवर त्या तुकड्याच्या वापराबद्दल रचनाकाराचे मानधन त्याला कधी लाभले नाही.

दुसरे उदाहरण याहून कठोर आहे. 'विन्स्टन्स' नावाच्या ताफ्याने १९६९ साली एक तबकडी काढली. तिच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' हे वाद्यसंगीत होते. त्यात ग्रेगरी कोलमन याने सुमारे सहा सेकंद एकट्याने ड्रम वाजवला. तो तुकडा आजवर हजारो ध्वनिमुद्रणांत शिरला आहे. कोलमन २००६ साली निष्कांचन अवस्थेत, घरदार नसताना वारला. २०१५ साली त्या संगीताच्या चाहत्यांनी वर्गणी काढून ताफ्याचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना २४,००० पौंड दिले. चाहत्यांची दानत मोठी, यात शंका नाही. तथापि वर्गणी ही दया असते आणि मजुरी हा हक्क असतो.

मग तुकडा उचलणारे चोर आहेत काय? आम्हांला तसे वाटत नाही. हा खेळ सुरू झाला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात. महामार्गासाठी तिथली वस्ती चिरली गेली होती, घरे ओस पडत होती. ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकाहून आलेल्या कूल हर्क या तरुणाने एका चाळवजा इमारतीच्या सभागृहात नाच ठेवला. ब्रेक आला, की नाचणाऱ्यांच्या अंगात वारे शिरते, हे त्याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून तो ब्रेक लांबवीत नेण्याची युक्ती त्याची. ज्यांच्यापाशी वाद्ये घ्यायला पैसा नव्हता, त्यांनी तबकडीलाच वाद्य केले. पुढे १९८० नंतर तुकडे साठवणारी यंत्रे स्वस्त झाली आणि ती युक्ती जगभर पसरली. फ्रान्सची भूमी तर तयारच होती. जेम्स ब्राउन १९७१ साली पॅरिसच्या ऑलिम्पिया नाट्यगृहात गाऊन गेले होते, आणि १९८४ साली तिथल्या दूरचित्रवाणीवर सिडनी नावाच्या निवेदकाचा हिपहॉपला वाहिलेला साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला होता.

दोष आहे तो हिशेबाच्या रीतीत. सूर आणि शब्द यांना कायदा रचना मानतो. ठेक्याला रचना मानण्याची रीत नाही. 'डाफ्ट पंक' या पॅरिसच्या जोडीने २००१ साली एडविन बर्डसाँग यांच्या १९७९ च्या गाण्याचा तुकडा घेतला आणि रचनाकारांत त्यांचे नाव घातले. हे उचितच झाले. पण बर्डसाँग रचनाकार होते, म्हणून ते घडले. ताफ्यातला वादक एकदा मजुरी घेऊन घरी जातो आणि त्याचे नाते तिथेच तुटते. २०१९ साली युरोपीय न्यायालयाने दोन सेकंदांच्या तुकड्याबाबत निकाल दिला. तुकडा कानाला ओळखू येत असेल, तर परवानगी हवी, असे न्यायालय म्हणाले. ती परवानगी कोणाची? तबकडीच्या निर्मात्याची.

आपल्या घरचे उदाहरणही आहे. 'ज्योती' या १९८१ च्या चित्रपटातील लताबाईंच्या गाण्याचा तुकडा २००२ साली एका अमेरिकन गाण्यात आला. ध्वनिमुद्रिका कंपनी आणि संगीतकार बप्पी लाहिरी न्यायालयात गेले. लाहिरींचे नाव घातल्याखेरीज तबकडी विकू नये, असा हुकूम २००३ साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने दिला. भांडण्याची ताकद कंपनीपाशी होती आणि नामांकित संगीतकारापाशी होती.

ही रीत बदलता येते, याला इतिहास साक्षी आहे. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. दोन वर्षांहून अधिक काळ त्यांनी तो चालवला. १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत मोठमोठ्या कंपन्या नमल्या आणि विकलेल्या दर तबकडीमागे संघटनेच्या निधीत रक्कम भरू लागल्या. त्या निधीतून बेकार वादकांना काम देऊन लोकांसाठी विनामूल्य जलसे झाले. फ्रान्समध्ये १९५९ साली वादकांनी आपले हक्क वसूल करणारी संस्था काढली. पुढे ३ जुलै १९८५ च्या कायद्याने तबकडी सार्वजनिक रीतीने वाजली, की येणाऱ्या मोबदल्याचा अर्धा वाटा कलावंतांचा आणि अर्धा निर्मात्यांचा, असे ठरले. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताच्या मानधनाचा हक्क कायद्यात आला. यांतले काहीही कोणी आपण होऊन दिलेले नाही.

तुकड्याच्या वापरात मात्र वादकाचा वाटा अजून बहुधा करारावरच अवलंबून असतो, आणि एकट्या वादकाला करारात जोर कुठला? सबब आमचे म्हणणे थोडके आहे. नाँत वा पॅरिसच्या तरुणांनी जुने तुकडे जरूर घ्यावेत. त्यांच्या हातून जुन्या तालाला नवे आयुष्य मिळते. परंतु तबकडीवर रचनाकाराच्या बरोबरीने वादकाचे नाव लिहिले जावे, आणि दर वापरामागे त्याचा ठरावीक वाटा संघटनेमार्फत त्याच्या वा त्याच्या वारसांच्या हाती पडावा. कोलमनचे सहा सेकंद जगाने वर्षानुवर्षे वापरले. तेवढ्या कामाचा हिशेब मांडणे अवघड नाही. तो मांडायला लावणारी संघटना मात्र हवी.