पीटरचा रंग कोणी सांगायचा?

१९४० साली ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकात एका लहानग्या कृष्णवर्णीय मुलाची चार छायाचित्रे छापून आली. जॉर्जिया राज्यातला हा मुलगा रक्ततपासणीसाठी आलेला आहे आणि त्याच्या चेहऱ्यावरचे, देहबोलीतले भाव त्या चार चित्रांत बदलत जातात. ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या एका तरुण चित्रकाराने ती कापून भिंतीवर लावली. वीस वर्षांहून अधिक काळाने तोच मुलगा पीटर या नावाने, टोकेरी टोपीचा लाल पोशाख घालून, ‘द स्नोई डे’ (१९६२) या चित्रपुस्तकात अवतरला.

हा चित्रकार म्हणजे एझ्रा जॅक कीट्स. पोलंडहून आलेल्या गरीब ज्यू आईवडिलांच्या पोटी १९१६ साली जन्मलेल्या या माणसाचे मूळ नाव जेकब एझ्रा कॅट्झ. ज्यूद्वेषाला कंटाळून त्याने १९४७ मध्ये ते बदलले. आपण कोठले, हे नावावरून ओळखले जाणे म्हणजे काय असते, याचा अनुभव त्याला होता. पुढे झालेला वाद समजून घेताना हे ध्यानात ठेवावे लागते.

पुस्तकाचे कथानक जेमतेम आहे. रात्री बर्फ पडते, पीटर दिवसभर त्यात हुंदडतो, बर्फाचा एक गोळा उद्यासाठी खिशात घालून घरी येतो. झोपण्यापूर्वी खिसा चाचपतो तर तो रिकामा. मुलाला वाईट वाटते, एवढेच. सांत्वनासाठी कोणी धावत नाही, बोध तर नाहीच. ते दुःख घेऊन तो झोपी जातो. बालसाहित्यात भावना बहुधा बोधाच्या ओझ्याखाली दबून येते. इथे ती मोकळी आहे. चित्रे कोलाजची: अंथरुणासाठी बेल्जियन लिनन, बर्फाच्या पाकळ्यांसाठी खोडरबर कापून केलेले ठसे, आईच्या झग्यासाठी कपाटात अंथरायचे नक्षीदार मेणकापड.

कृष्णवर्णीय मूल नायक असलेले हे पहिलेच चित्रपुस्तक असे सर्रास म्हटले जाते, ते खरे नाही. हार्लेममध्ये घडणारे एलन टॅरी व मेरी हॉल एट्स यांचे ‘माय डॉग रिंटी’ १९४६ मध्येच आले होते. पण १९६३ चे कॅल्डेकॉट पदक ‘द स्नोई डे’ला मिळाले आणि त्यामुळे ते सर्वदूर ग्रंथालयांत पोहोचले.

सप्टेंबर १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक यांचा एक लेख ‘सॅटर्डे रिव्ह्यू’त प्रसिद्ध झाला. पुस्तकांतली मुले नेहमी गोरीच का असतात, या एका पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीच्या प्रश्नाने तो सुरू होतो. लॅरिक यांनी १९६२ ते १९६४ मधली ५,२०६ बालपुस्तके तपासली. त्यांपैकी ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्क्यांत, निदान एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती आढळली. समकालीन अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांविषयी बोलणारी पुस्तके तर एक टक्काही नव्हती. याच लेखात त्यांनी कीट्सलाही सोडले नाही. पीटर कृष्णवर्णीय आहे हे मजकुरात कोठेच येत नाही आणि त्याची आई भडक पिवळ्या चौकटींच्या झग्यातली थोराड बाई आहे, असा त्यांचा आक्षेप होता. कीट्स संतापला. रंग चित्रात ढळढळीत दिसत असताना त्याची शब्दांत चिठ्ठी कशाला, दंडाला पट्ट्याच बांधायच्या का, असे त्याने उत्तर दिले. ज्यू माणसाने १९६५ मध्ये दंडावरच्या पट्ट्यांचा उल्लेख करावा, याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

माझ्या मते पानापुरता कीट्स बरोबर आहे आणि कपाटापुरत्या लॅरिक. खिसा रिकामा झाल्याचे दुःख रंगाच्या उल्लेखाने गहिरे झाले नसते. पण हजारो पुस्तकांत मूठभरच पीटर असतील, तर एकेका पीटरवर साऱ्या समाजाचे प्रतिनिधित्व लादले जाते. रूडीन सिम्स यांनी १९८२ मध्ये या प्रकारच्या पुस्तकांना ‘मेल्टिंग पॉट’ असे नाव दिले: मुलांचे सारखेपण दाखवणारी, वेगळेपणाबद्दल गप्प राहणारी. मराठी वाचकाला हे मौन परके वाटू नये. आपल्याकडे चित्रातले मूल ‘कोणाचेही’ असते, पण त्याच्या घरातली भाषा मात्र प्रमाण मराठीच असते. न बोलताही पुस्तक पुष्कळ सांगत असते.

‘पीटर्स चेअर’ (१९६७) मला अधिक मोलाचे वाटते. घरात बहीण आली आहे, पीटरच्या वस्तूंना गुलाबी रंग दिला जातो आहे. उरलेली निळी खुर्ची घेऊन तो घर सोडतो, तेही दारापर्यंतच. आणि बसायला जातो तर खुर्चीत मावत नाही. रुसवा ओसरण्याचे कारण इथे उपदेशात नाही, वाढलेल्या अंगात आहे. मग तो आणि वडील मिळून खुर्ची रंगवतात. त्याने जागा गमावलेली नसते, फक्त ती बदललेली असते.

कीट्स १९८३ मध्ये वारला. २०२० मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने आपल्या सव्वाशे वर्षांत सर्वाधिक वेळा घरी नेल्या गेलेल्या पुस्तकांची यादी केली, तेव्हा ‘द स्नोई डे’ पहिले होते: ४,८५,५८३ वेळा. पण मला या आकड्यापेक्षा कीट्सला एका शिक्षिकेने लिहिलेले पत्र आठवते. हे पुस्तक वाचून दाखवल्यावर तिच्या वर्गातली कृष्णवर्णीय मुले स्वतःची चित्रे काढताना प्रथमच तपकिरी खडू उचलू लागली होती. तोवर ती गुलाबी वापरत असत.