पॉलिथीन आणि ऊन

पिशव्यांच्या रूपानें घरोघर पोंचलेलें पॉलिथीन जन्मास आलें तें इंग्लंडमध्यें, नॉर्थविच गांवाजवळील विनिंग्टन येथें, १९३३ च्या मार्च महिन्यांत. इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज कंपनीचे गिब्सन व फॉसेट हे रसायनज्ञ एथिलीन वायूवर हजाराहून अधिक वातावरणांचा दाब देऊन त्याचा बेंझाल्डिहाइडशीं संयोग घडवूं पाहत होते. तो घडला नाहीं. भांड्यांत मात्र मेणासारखा पांढरा पदार्थ आढळला. एथिलीनचे रेणु एकमेकांत गुंफून त्यांची लांब सांखळी झाली होती. प्रयोग पुन्हां साधेना. १९३५ सालीं साधला, तो वायूंत चुकून मिसळलेल्या किंचित् प्राणवायूमुळें, असें मागाहून उमगलें.

गंमत अशी कीं, ह्या पदार्थाचा नाशहि प्राणवायुच आरंभितो. शुद्ध पॉलिथीन अतिनील किरण फारसे शोषीत नाहीं. परंतु वस्तु घडवितांना तें तापवितात, तेव्हां थोडा प्राणवायु सांखळींत शिरतो. कर्ब व प्राणवायु यांच्या त्या जोड्या किरण टिपतात आणि तेथेंच सांखळी तुटते. कीटोन नामक साध्या द्रव्यांवर प्रकाशाची अशीच क्रिया केंब्रिजच्या रोनाल्ड नॉरिश यांनीं १९३० नंतरच्या दशकांत उलगडली होती. म्हणजे पॉलिथीन पाळण्यांत असतांनाच त्याच्या मरणाची रीत शास्त्रज्ञांस अपरिचित नव्हती!

तिचा उपयोगहि झाला. उघड्यावरील तारांचें वेष्टन उन्हानें तडकूं नये म्हणून त्यांत शेंकडा दोन-तीन भाग काजळी घालतात. किरण ती स्वतःच शोषून घेते. वस्तु किती टिकेल, हा प्रश्न कारखानदारांस पैशाचा होता. सांखळीचे तुटलेले बारीक दुवे जातात कोठें, ही चौकशी मात्र रेंगाळली. मला तरी हें नवलाचें वाटत नाहीं, पण खटकतें.

हवाई विद्यापीठांतील सारा-जीन रॉयर व त्यांचे सहकारी यांनीं २०१८ सालीं आपलीं मोजमापें प्रसिद्ध केलीं. उन्हांत ठेवलेल्या पॉलिथीनमधून मिथेन, एथिलीन, एथेन व प्रोपिलीन हे वायु निघतात. २१२ दिवसांच्या प्रयोगांत त्यांचा वेग वाढतच गेला. पृष्ठभाग भेगाळला कीं किरणांस नवी जागा सांपडते. पाण्यांतल्यापेक्षां उघड्या हवेंतील नमुन्यानें एथिलीन सुमारें ७६ पट दिलें. आढींतला आंबा पिकवितो तोच हा वायु, आणि विनिंग्टनच्या भांड्यांत कोंडला होता तोहि हाच. मिथेन मात्र वातावरण तापविणारा. जगांतील एकंदर मिथेनमध्यें हा वाटा आज क्षुल्लक आहे खरा; परंतु ऊन एकदां लागलें कीं पुढें अंधारांत ठेवलेल्या पॉलिथीनमधूनहि हे वायु निघत राहतात, असें त्याच प्रयोगांत दिसून आलें.