तळणीचे ग्रहण

नागपूरहून मुंबईकडे निघालेली गाडी पुलगाव सोडून वर्धा नदी ओलांडते, आणि लागलीच तळणी नावाचे लहानसे स्टेशन येते. वऱ्हाडातल्या या गावाची कीर्ती आपल्यापेक्षा परक्या ज्योतिर्विदांनाच अधिक ठाऊक, याचे मला नवल वाटते.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणातून वर चढून वऱ्हाडावरून बक्सरकडे गेली. लॉकियरसाहेब विजयदुर्गावर उतरले. पुण्याचे प्रोफेसर नायगामवाला आणि अमेरिकन मंडळींनी सोलापूरकडील जेऊर गाठले. तळणीस आलेल्या ब्रिटिश तुकडीत ॲनी माँडर होती. वय तिशीच्या उंबरठ्यावर.

बाई मूळची आयर्लंडची. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणिताची परीक्षा मानाने उतरली; पण स्त्रियांना पदवी द्यायची नाही, असा तेथला दंडक! १८९१ साली ती ग्रिनिचच्या वेधशाळेत लागली, महिना ४ पौंडांवर. सूर्याची छायाचित्रे घ्यायची, डाग मोजायचे. १८९५ साली वरिष्ठ सहकारी वॉल्टर माँडर यांच्याशी तिचा विवाह झाला, आणि नियमाप्रमाणे तिची नोकरी सुटली. वॉल्टरची अर्थातच शाबूत राहिली. (लग्नपत्रिका हाती पडताच मास्तरणीला राजीनाम्याविषयी विचारणारे शाळाचालक मीही पाहिले आहेत.)

तळणीस ती आली ती स्वतःचा कॅमेरा घेऊन. गर्टनच्या अनुदानातून तो करवून घेतला होता. भिंग केवढे, तर दीड इंचाचे! मोठ्या दुर्बिणी सूर्याच्या कडेजवळचे तेवढे टिपतात. हिला हवे होते दूरवर विरत गेलेले प्रभामंडल. भिंगाचा केंद्रबिंदू जवळ, म्हणून आकाशाचा मोठा पट्टा मावतो आणि फिकट उजेडही काचेवर उमटतो. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात तिने प्रभामंडलाचा एक झोत टिपला, सुमारे १ कोटी किलोमीटर लांबीचा! इतका लांब झोत तोवर कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता.

पुढे सूर्याच्या डागांचा तो प्रसिद्ध फुलपाखरासारखा आलेख दोघांनी मिळून काढला. १९०८ च्या ग्रंथावर दोघांची नावे आहेत. पण तो जवळजवळ सगळा पत्नीचाच, असे वॉल्टरने प्रस्तावनेत लिहून ठेवले. भला माणूस! रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने मात्र १८९२ साली नाकारलेले तिचे सदस्यत्व १९१६ साली दिले. त्या वेळी ती पुन्हा ग्रिनिचलाच होती. महायुद्धामुळे माणसे कमी पडली होती. १९१५ पासून १९२० पर्यंत तिने तेथे काम केले, बिनपगारी.