घरपट्टीची पावती आणि वॉर्डातले मत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "निवडणुकीवर काही लिहा" असे संपादिकाबाईंनी सांगितले, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. निवडणूक म्हटली की पक्ष आला, आणि पक्ष आला की शेजारणीशी अबोला आला! परंतु माळा आवरताना सासूबाईंच्या ट्रंकेत दोऱ्याने बांधलेला घरपट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा हाती लागला, आणि वाटले, आपल्या वॉर्डाचा इतिहास सांगावयाचा तर तो येथूनच सांगावा.

आमचे घर मालवणच्या बाजारपेठेत, भरड नाक्यावरून बंदराकडे जाणाऱ्या बाजूला. १९६८ साली लग्न होऊन मी या घरात आले. आपल्या किनाऱ्याला नगरपालिका ही काही नवी गोष्ट नव्हे. वेंगुर्ल्याची १८७६ सालची, मालवणची १९१८ सालची. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक कारभार लोकांकडे सोपवावा असा ठराव केला, आणि १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांत निवडून आलेल्या सभासदांना निदान निम्म्या जागा मिळू लागल्या. पण "लोक" म्हणजे कोण? तर ठराविक कर भरणारे, वकील, पदवीधर, सरकारदरबारी मान असलेले. बाकीच्यांनी सभासदासमोर हात जोडावेत, एवढेच.

आता आपल्या गावची परिस्थिती ध्यानात घ्या. आपल्याकडचा कर्ता पुरुष मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. येथे घर, म्हातारी माणसे, मुले आणि माड सांभाळणारी बाई. अगदी २०११ च्या शिरगणतीतदेखील सिंधुदुर्ग जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया भरल्या. मनिऑर्डर आली की तिच्यातून घरपट्टीचे पैसे बाजूला काढावयाचे आणि कचेरीत जाऊन भरावयाचे, हे सारे बाईने. पावतीवर नाव मात्र गिरगावातल्या खोलीत राहणाऱ्या मालकांचे. सासूबाई म्हणत, "पैसे मी भरतंय, आनि नाव तेंचा!" कर ज्यांच्या नावे, मत त्यांचे, आणि ते तर मतदानाच्या दिवशी मुंबईत कामावर. घराला मत होते, पण ते द्यावयास घरात कोणी नव्हते. व्हाळी तुंबली, रस्त्यावरचा दिवा विझला, नळाला पाणी नाही आले, तर ज्या माणसांना त्याचा त्रास, त्यांना वॉर्डाच्या निवडीत शब्द नाही, अशी ती व्यवस्था होती.

१९५० साली मुंबई राज्याने स्थानिक संस्थांसाठी प्रौढ मतदानाचा कायदा केला आणि पावतीची अट गेली. एकवीस वर्षे पुरी झाली की मत. (अठरा वर्षांची मर्यादा १९८९ साली आली.) पण यादीत नाव लागणे हीही त्या काळी मोठी गोष्ट होती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातल्या सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे याद्यांतून काढून टाकावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढेच सांगितले होते. त्या बहुतेक उत्तरेकडच्या, हे खरे. तरी आम्ही मालवणच्या बायकांनी फार हसू नये! यादी करणारा आमच्या दारात आला तेव्हा सासूबाईंनी माहेरचे नाव सांगितले, सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीने आतून लग्नात ठेवलेले नाव सांगितले, आणि शेजारच्यांना तर त्या "काकी" एवढ्याच ठाऊक. शेवटी यादीत लग्नातले नाव लागले. मतदानकेंद्रावर त्या नावाचा पुकारा झाला तेव्हा त्या बराच वेळ दुसऱ्याच कोणा बाईची वाट पाहत उभ्या राहिल्या. ही गोष्ट त्या स्वतः हसत सांगत, पण मत दिले त्या दिवशीचे लुगडे कोणते होते हेही सांगत.

मत मिळाले, तरी सभागृहातली खुर्ची मिळावयास पुढे पुष्कळ वर्षे गेली. मुंबईला १९५६ साली सुलोचनाबाई मोदी महापौर झाल्या. आपल्या छोट्या गावांत मात्र बाईने प्रचार करावा तो हळदीकुंकवात, आणि तोही दुसऱ्यासाठी. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि नगरपालिकांत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. महाराष्ट्रात २०११ साली त्या निम्म्या झाल्या.

राखीव जागेची सुरुवातीची एक निवडणूक मला चांगली आठवते. उमेदवार बाई पतीसह दारी आल्या. मी विचारले, "आमच्या मागल्या दारची व्हाळी दर पावसात तुंबते, तिचे काय करणार?" उत्तर पतिराजांनी दिले. मी म्हटले, "मी वहिनींना विचारले." वहिनी नुसत्या हसल्या. त्या निवडून आल्या. वर्षभर काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या पावसाळ्याआधी मात्र एका सकाळी त्या एकट्याच आल्या. हातात मोजपट्टी, मागे मुकादम, आणि व्हाळीची रुंदी स्वतः मोजून वहीत लिहून घेतली. पुढे राखीव जागा फिरतीप्रमाणे दुसरीकडे गेली, आणि मोजपट्टी धरावयास शिकलेल्या बाईंना तिकीट काही मिळाले नाही. राखीव जागेच्या या फिरतीविषयी माझे मत अजून कडू आहे.

२७ नोव्हेंबर २०१६ ला मतदान झाले. मोठ्या नोटा रद्द होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. त्या सभागृहाची मुदत २०२१ अखेर संपली आणि मग इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद न्यायालयात, प्रभागांची फेररचना, असे करता करता जवळजवळ चार वर्षे प्रशासकांचा कारभार चालला. प्रशासकही काम करतात, नाही असे नाही. परंतु मासळीबाजारात पिशवी घेऊन समोर दिसतो आणि ज्याला थांबवून विचारता येते, असा वॉर्डाचा माणूस त्या चार वर्षांत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्यास सांगितले, २ डिसेंबरला मतदान झाले आणि मोजणी लांबून २१ डिसेंबरला झाली. एका मतदाराने तीन मते द्यावयाची: दोन प्रभागाच्या सभासदांसाठी, एक नगराध्यक्षासाठी. नात मला हात धरून घेऊन गेली. कर्मचाऱ्याने माझे नाव पुकारले, आणि मी पहिल्याच हाकेला पुढे झाले.

घरी येऊन पावत्यांचा तो गठ्ठा पुन्हा उघडला. सर्वांत वरची पावती यंदाची. पैसे मी भरले. नाव अजून सासऱ्यांचे, ज्यांना जाऊन चाळीस वर्षे झाली. नाव बदलण्याचा अर्ज कित्येक वर्षे आमच्याच टेबलाच्या खणात पडून आहे. कचेरीचा त्यात दोष नाही, आळस आमचा. वार्षिक सभेला येताना तो बरोबर आणते. मंडळातल्या ज्या कोणाला असे अर्ज भरता येतात, त्यांनी पेन आणावे.