इंद्रजालचा वेताळ : एका संग्राहकाच्या नजरेतून

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस आज वेताळावर बोलणार, म्हटल्यावर काहींना हसू आलं असेल. येऊ द्या. पण मी हे अंक पन्नासहून जास्त वर्षं जमवतो आहे, आणि माझं म्हणणं असं की स्वतंत्र भारतातल्या एका पिढीची सत्ता, न्याय आणि मरण यांच्याशी पहिली ओळख या स्वस्त रंगीत पानांवर झाली. तेव्हा हा विषय इतिहासाचाच आहे.

आधी तारखा बघू. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ साली मॅण्ड्रेक जादूगार आणला आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत 'फॅण्टम' आणला. सुपरमॅन त्यानंतरचा, १९३८ चा. म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा ही पुढच्या नायकांची वेशभूषा फॅण्टमने आधीच चढवलेली होती. मात्र त्याच्याकडे दैवी शक्ती नव्हती. तो उडत नाही, गोळी लागली तर मरतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मार्च १९६४ मध्ये मुंबईहून बेनेट, कोलमन कंपनीने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलं. पहिल्याच अंकात फॅण्टम होता. तेव्हा मी शाळेत होतो. पुढे अनेक भारतीय भाषांत हे अंक निघाले, त्यांत आपली मराठीही होती. आणि मराठीत फॅण्टमचा झाला वेताळ!

हे नाव ज्याला सुचलं त्याला मी मनोमन दाद देतो. कारण आपल्याकडे वेताळ आधीपासूनच होता. 'चांदोबा'तला विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आम्हाला पाठ होता. पण त्याहून महत्त्वाचा कोकणातला आणि गोव्यातला वेताळ, गावाचा राखणदार. तो रात्री गावाभोवती फेरी मारतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहण्याची प्रथा आहे. पुण्यात तर त्याच्या नावाची टेकडीच आहे. आता बघा, जंगलात राहणारा, रात्री फिरणारा, दुष्टांना धाक आणि दुबळ्यांना आधार असलेला, आणि लोक ज्याला अमर मानतात असा नायक अमेरिकेतून आला, तर त्याला बसायला इथे पाट मांडलेलाच होता. अनुवाद नुसता शब्दांचा झाला नाही, जागेचा झाला.

संपादकांनी आणखीही बदल केले. मूळ कथेतला 'बंगाला' हा देश आपल्या बंगालशी गोंधळ नको म्हणून 'डेंकाली' झाला. समुद्री चाच्यांची 'सिंग' टोळी 'सिंगा' झाली. वेताळाच्या बापाच्या खुन्याचं 'रामा' हे नाव 'रामालू' झालं. भारतीय वाचकाला कुठे बोचेल, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं.

पण एक गोष्ट त्यांना बदलता येण्यासारखी नव्हती. १५३६ साली किनाऱ्याला लागलेल्या एका गोऱ्या माणसाचा वंश, कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ, आणि पुढे चारशे वर्षं काळ्या माणसांच्या जंगलात त्याचाच शब्द अखेरचा. साहेब जाऊन वीस वर्षंही झाली नव्हती, आणि आम्ही मुलं पैसे मोजून हे वाचत होतो! याचं समर्थन मी करणार नाही. पुढे कथेत लुआगा हा काळा राष्ट्राध्यक्ष आला, पण गुहेतलं सिंहासन तसंच राहिलं.

या सत्तेचा पाया मात्र विचार करण्यासारखा आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये राज्य टिकावं म्हणून लोकांना सांगायच्या एका हितकारक असत्याची चर्चा आहे. वेताळाचं राज्य तशाच असत्यावर उभं आहे. लोकांना वाटतं तो एकच, अमर. खरं तर तो एकविसावा. बाप मरतो, मुलगा तोच मुखवटा चढवतो. हे गुपित फक्त बांदर जमातीला, घरच्यांना आणि आपल्याला, वाचकांना, ठाऊक. फसवणारा आणि फसणारा यांच्यात लेखकाने आम्हाला अलगद फसवणाऱ्याच्या बाजूला बसवलं, आणि आम्हाला ते आवडलं. का आवडलं, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

याला उत्तर इंद्रजालमध्येच मिळालं, १९७६ साली. आबिद सुरती यांचा 'बहादूर' आला. भगवा कुडता, खाली जीन्स. मुखवटा नाही. बाप डाकू होता, हेही लपवलेलं नाही. आणि तो एकटा लढत नाही, नागरिक सुरक्षा दल उभारतो. वेताळाच्या जंगलात प्रजा होती, बहादूरच्या जयगढमध्ये नागरिक दिसले. दरम्यान इंद्रजालचं काम पाहिलेले अनंत पै १९६७ मध्ये 'अमर चित्र कथे'कडे वळले होते. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं.

आता शेवटचा मुद्दा. सुपरमॅनच्या पहिल्या अंकाची किंमत होती १० सेंट. २०१४ मध्ये त्याची एक प्रत ३२ लाख डॉलरला गेली. युद्धकाळात तिकडेही कागद गोळा करून लगद्याला गेला, म्हणून उरलेल्या प्रती दुर्मीळ. आपल्याकडे युद्धाची गरज पडली नाही, रद्दीवाला पुरेसा होता. सुट्टीत हातोहात फिरून अंक फाटायचे, पिना गंजायच्या, कागद पिवळा पडून कडेने तुटायचा. माझ्याकडच्या कित्येक मराठी अंकांना मुखपृष्ठच नाही. हे अंक मी एका ग्रंथालयाला देऊ केले, तेव्हा "बालवाङ्मय आहे, जागा नाही" असं उत्तर मिळालं. मला किमतीची फिकीर नाही. पण साठ-सत्तरच्या दशकांत मुलांसाठी लिहिली गेलेली बोलती मराठी, फुग्यांतले ते आखूड, चटपटीत संवाद, ते अभ्यासायचं झालं तर कुठे बघणार?

वेताळाच्या गुहेत एक दालन आहे. तिथे प्रत्येक पिढीचा वेताळ आपल्या हाताने बखर लिहून ठेवतो, आणि नवा वेताळ अडला की जुनी बखर उघडतो. लोकांसाठी दंतकथा, पण स्वतःसाठी लेखी नोंद. तेव्हा आज घरी गेल्यावर माळ्यावरचं खोकं खाली काढा. अंक निघाले तर विकू नका, स्कॅन करा, वर्ष आणि क्रमांक लिहून ठेवा. एवढंच सांगायचं होतं.