आखाजी ते मृग

आखाजीच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळच्या शिवारात घट मांडतात. शेतात गोल आखून कडेने गहू, ज्वारी, तूर, कपाशी अशी अठरा धान्ये ठेवायची. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे, पावसाच्या चार महिन्यांची. त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पुरी, पापड, कुरडई, सांडोई. रात्री तिथे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला कोणते धान्य हलले, कोणते ढेकूळ भिजले हे पाहून वाघ घराण्यातले महाराज पीकपाण्याचे भाकीत सांगतात. तीनशे वर्षांहून जुनी म्हणून ही रीत सांगितली जाते. त्याच अक्षय्य तृतीयेला, इथून हजार-अकराशे किलोमीटर उत्तरेला, गंगोत्री आणि यमुनोत्रीच्या मंदिरांची दारे उघडतात. केदार आणि बद्री त्यानंतर काही दिवसांनी.

यंदा आम्ही घरातली पाच माणसे हिमालयातल्या पिंडर नदीच्या खोऱ्यात काही दिवस राहायला जाण्याचे ठरवतो आहोत, आणि तारखांचा घोळ सुरू झाला तेव्हा मला या जुन्या पंचांगाची आठवण झाली. आमच्या बुलढाण्याच्या भागातल्या शेतकऱ्यांची उत्तरयात्रा आखाजी ते मृग एवढ्याच फटीत बसायची. हरभरा-गहू घरात आलेला, नांगरट झालेली, आणि सात जूनला मृग लागला की पेरणीची घाई. मधला महिना हात मोकळे. हिमालयातही नेमके तेव्हाच वाटेवरचे बर्फ वितळलेले असते आणि पावसाळा लागलेला नसतो. आमच्या शेताची सवड आणि त्या डोंगरांची सवड इतकी जुळते, याचे मला फार अप्रूप वाटते.

अर्थात महिन्याभरात जाऊन येणे रेल्वेमुळे शक्य झाले. त्याआधी काशीला निघालेला माणूस परत येईलच याची खात्री नसे. तो सगळ्यांच्या पाया पडून, देणीघेणी मिटवून निघायचा. 1867 मध्ये लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरला पोचला. 1870 मध्ये खंडवा-इटारसी-जबलपूरचा दुवा जुळला आणि मुंबईकडची गाडी अलाहाबादला भिडली. त्याच साली गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांनी कापसासाठी टाकलेल्या जलंब-खामगाव फाट्याचे उद्घाटन केले. हरिद्वारला रेल्वे 1886 मध्ये आली. म्हणजे पंचवीस वर्षांच्या आत मलकापूर स्टेशनावर गाडीत बसलेला माणूस हिमालयाच्या पायथ्याशी उतरू लागला. घाटावरची, चिखली-मेहकरकडची मंडळी बैलगाडीने राजूर घाट उतरून मलकापूर गाठत. घाटाखालच्यांना नांदुरा, जलंब, शेगाव जवळ.

माझ्या आजेसासूबाई नांदुऱ्याजवळच्या खेड्यातल्या. त्या गावातल्या सात-आठ जणांबरोबर बद्रीला गेल्या, तेव्हा गाडी ऋषिकेशपर्यंत जात होती. तिथून पुढे पायी. लक्ष्मणझुल्याचा आधीचा लोखंडी पूल 1924 च्या पुरात वाहून गेला होता आणि 1930 मध्ये नवा खुला झाला होता. त्या नव्या पुलावरून गेल्याचे त्या आवर्जून सांगत. सोबत काय नेले, तर दोन लुगडी, घोंगडी, तांब्या, सातूचे पीठ आणि सुंठ. त्यांच्या बोलण्यात सारखी यायची ती चट्टी. दोन-चार मैलांवर दगडी भिंतींचे, गवताने शाकारलेले लांबोडके खोपट. चट्टीवाल्याकडून पीठ, तांदूळ, डाळ, तूप घ्यायचे. राहायला जागा आणि स्वयंपाकाची भांडी त्यात फुकट. निघताना भांडी घासून परत द्यायची. ज्यांना चालवत नसे त्यांच्यासाठी पाठीवरची कंडी किंवा चौघांच्या खांद्यावरची डंडी. कुठे धर्मशाळा मिळे. बद्री-केदारला अहिल्याबाईंनी धर्मशाळा बांधल्या होत्या, ऋषिकेशहून काली कमलीवाल्यांचे सदावर्त चाले.

पहाटे अंधारात निघायचे, ऊन चढायच्या आत चट्टी गाठायची, जेवून पडायचे, उन्हे कलली की पुढची चट्टी. एखाद्याला ताप आला किंवा ओढ्याला पाणी चढले की सगळ्यांचा मुक्काम तिथेच. पटकीचे भय सतत असे, म्हणून आजेसासूबाईंच्या सोबतीतली एक म्हातारी उकळल्याशिवाय कुणाला पाणी पिऊ देत नसे. या चालीला आज आपण संथ म्हणू. मला ती त्या खोऱ्याची नीट ओळख असलेल्या माणसांची चाल वाटते. श्वास आणि पाय उंचीला सरावत होते, आणि वाट बंद पडली तर थांबायला दिवस हाताशी होते.

ते खोरे थांबायला लावतेच. 1893 मध्ये बिरही नदीत डोंगर कोसळून गोहनाचा तलाव तयार झाला. इंजिनिअरांनी तो कधी फुटेल याचा अंदाज बांधला, खोऱ्यात तारेची सोय केली, माणसे वर हलवली. 1894 च्या ऑगस्टमध्ये बांध फुटून अलकनंदेकाठचे श्रीनगर वाहून गेले, पण माणसे जवळजवळ सगळी वाचली. 2013 मध्ये 16 आणि 17 जूनला केदारनाथला जे झाले त्यात आपल्या महाराष्ट्रातली कितीतरी कुटुंबे अडकली, किती जण परतले नाहीत. त्या तारखा मृगातल्या आहेत. आमच्या शेतकऱ्याला तोवर शेतात असावेच लागे. आता पगारी सुटी शाळेच्या वेळापत्रकाने ठरते, गाडी बद्रीनाथच्या दारापर्यंत जाते, आणि चार धाम दहा दिवसांत उरकतात. 1962 च्या चीन युद्धानंतर तिथे रस्ते वाढले हे चांगलेच झाले. आजारी माणूस दवाखान्यात पोचतो. पण दहा दिवसांच्या त्या हिशेबात अडकून पडायला एकही दिवस नसतो, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

यात्रेकरू परतताना कर्णप्रयागहून पिंडरच्या काठाने सिमलीला येत आणि आदिबद्री, मेहलचौरीवरून रामनगर किंवा काठगोदामला उतरून गाडी पकडत. आजेसासूबाई त्याच वाटेने आल्या. हरिद्वारला झाळून घेतलेला गंगेचा गडू त्यांनी तिकडे फिरताना सांभाळला आणि घरी आल्यावर मावंदे घातले: गडूची पूजा, गावजेवण, गंगाजळ घरोघर थेंब-थेंब. तांब्याचा दुसरा एक बंद गडू अजून आमच्या देवघरात आहे. झाकणाभोवतीचे झाळण काळे पडले आहे; हलवला की आत पाणी वाजते.

चार धामची गर्दी कर्णप्रयागला डावीकडे जोशीमठाकडे वळते. पिंडरचा रस्ता उजवीकडे सिमली, नारायणबगड, थरालीवरून देवालला जातो. नदी पिंडारी हिमनदीतून येते. थरालीला 2025 च्या ऑगस्टमध्ये ढगफुटीने मोठे नुकसान झाले, म्हणून पावसाळ्यात जाण्याचा विषयच आम्ही काढला नाही. दिवाळीआधी आकाश स्वच्छ असते, पण तेव्हा घरचे सोयाबीन काढणीला आलेले आणि कापूस वेचणीला. ऋषिकेश-कर्णप्रयाग रेल्वेचे काम चालू आहे, सव्वाशे किलोमीटरपैकी शंभराहून अधिक बोगद्यात. तो मार्ग होतो आहे आणि आमचा खामगाव-जालना मार्ग ब्रिटिश काळापासून मागणीतच आहे, हे मनाला लागते. बुलढाण्याहून आजही आधी मलकापूरच गाठावे लागते.

तेव्हा आखाजीनंतर आठवड्याने निघायचे, मृगाच्या आधी घरी यायचे. पहिली रात्र ऋषिकेशला, दुसरी रुद्रप्रयागला, तिसऱ्या दिवशी कर्णप्रयाग. डोंगरात अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. मुक्काम गावातल्या घरी, जेवण त्यांच्याच चुलीवरचे, मंडुव्याची भाकरी असेल तर ती. सासूबाई सिमलीपासून थोडे पायी चालणार म्हणतात. परतीचे आरक्षण मुद्दाम तीन दिवस पुढचे काढले आहे. दरड कोसळली तर ते दिवस कामी येतील, नाही कोसळली तर तिथेच राहू.